दूरचं कोणी आहे का

माझ्या मामाला सगळं गाव रेडिओ म्हणतं. नव्या माणसाला वाटतं, हा फार बोलत असेल, गात असेल, निदान रेडिओ दुरुस्त तरी करत असेल. यातलं काहीच नाही. शाळेत उत्तर द्यायला उभा राहिला की पहिलं अक्षर घशात अडकायचं, मग नुसती खरखर, मग एकदम अर्धं वाक्य बाहेर यायचं आणि पुन्हा खरखर. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "स्टेशन लागत नाहीये," आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नाव ठेवणाऱ्या गृहस्थांना आता टक्कल पडलंय, नातवंडं झालीत, आणि रस्त्यात भेटले की ते "काय रेडिओ, बरं आहे ना?" असं इतक्या मायेनं विचारतात की त्यांना चहा पाजावा की खडसवावं ते मला ठरवता येत नाही. मामा मान हलवतो. मान हलवण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नाही.

मी लोकांना गाडी शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या पायाखालच्या ब्रेकवर माझा जीव टांगलेला असतो, त्यामुळे डोकं लवकर तापतं आणि मनातलं तोंडातून निघून जातं. मामा नेमका उलटा. तो आईचा धाकटा भाऊ, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतो. लग्न केलेलं नाही. एकदा ठरत आलं होतं, ते आई अजून सांगते. मुलीच्या घरी सगळे बसले होते आणि मुलीनंच विचारलं, तुम्हाला काय वाचायला आवडतं. मामा सांगू लागला. पहिला शब्द अडला तसा तिच्या वडिलांनी तो पुरा केला. मामानं पुन्हा सुरुवात केली, तर या वेळी तिच्या काकूंनी पुरा केला. माणसं चांगली होती, आपल्या परीनं मदतच करत होती. उठायची वेळ झाली तोवर मामा त्या घरात रहस्यकथा वाचणारा, थंड हवा आवडणारा आणि गोड न खाणारा माणूस झाला होता. यातलं एकही खरं नव्हतं. बाहेर आल्यावर तो आईला म्हणाला, की ही मुलगी हो म्हणाली तरी ते दुसऱ्याच कुणाला तरी असेल. पुढे त्यानं तो विषयच बंद केला. त्याला चिडवलेलं चालतं, त्याची नक्कल केलेलीही चालते. अडलेला शब्द कुणी परस्पर पुरा केला, की मात्र तो आतून कडी लावून घेतो.

नोकरी त्याला वाचनालयात मिळाली. गप्प बसणं हा जिथे गुण मानतात अशी गावात ती एकच जागा, तेव्हा मामानं तिथं नाव काढलं. वर्तमानपत्रांच्या दालनामागे एक लांबट खोली आहे, तिथे संगणक ठेवलेत आणि ती खोली मामाच्या ताब्यात आहे. एकच खिडकी, तीही सायकल-स्टँडकडे उघडणारी. कीबोर्डवरची पुसली गेलेली अक्षरं मामानं बारीक ब्रशनं पांढऱ्या रंगात पुन्हा काढलीत. तिथे म्हातारी माणसं येतात. त्यांना आपल्या लिपीत पानभर मजकूर लिहिता येतो, पण वेबसाइटचा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाकायची वेळ आली की घाम फुटतो. मामा मागे उभा राहून एकेका अक्षरावर बोट ठेवायचा. हे पत्ते आपल्या लिपीत का असू नयेत, एवढ्या एका प्रश्नाचा माग काढत तो इंटरनेटच्या सभांपर्यंत पोचला.

इंटरनेटला मालक नाही हे मला मामामुळे कळलं. मालक नाही म्हणून सभा आहेत. बिनमालकाच्या घरात भांडणं किती, तेवढ्या सभा. दर वर्षी कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी मोठ्या शहरात एक मोठं सभागृह घेतात आणि तिथे सरकारी माणसं, कंपन्यांची माणसं, प्राध्यापक आणि आपल्यासारखे वापरणारे एकत्र बसून नियम कसे असावेत ते बोलतात. ज्यांना जाणं परवडत नाही त्यांनी आपापल्या जागी बसून पडद्यावर पाहावं आणि तिथूनच मत द्यावं, अशी सोय आहे. कागदोपत्री त्यांना भारदस्त नाव आहे. मामा त्यांना नुसतं "दूरचे" म्हणतो. ग्रंथपालांनी परवानगी दिली आणि आमच्या लांबट खोलीत दूरच्यांचं एक ठाणं झालं. टेबलाच्या मधोमध एक गोल स्पीकर, भिंतीवर पडदा, भोवती मामा, एक वकीलबाई आणि मनात येईल तेव्हा येणारे दोन-चार जण. दुपारी माझ्याकडे शिकणारं कुणी नसतं, म्हणून मीही जाऊन बसायची. सगळं इंग्रजीत चालायचं. मी इथे आपल्या भाषेत सांगतेय.

पहिल्या वर्षी फजितीच झाली. तिथली पद्धत अशी, की दूरच्या माणसानं आपलं म्हणणं एका चौकटीत टाइप करायचं आणि सभागृहात त्यासाठी बसवलेल्या माणसानं ते माइकवर वाचून दाखवायचं. वाचणाऱ्यानं शब्द बदलायचा नाही, आपलं काही घालायचं नाही, "अमुक म्हणतात" असंही म्हणायचं नाही. लिहिणाऱ्यानं "मी" लिहिलं असेल तर "मी" असंच वाचायचं. त्या वर्षी वाचायला एक पोरगेला माणूस होता. त्यानं वकीलबाईंचं संतापून लिहिलेलं म्हणणं किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचलं. त्यातून दुसरी गंमत म्हणजे चर्चेच्या शेवटी अध्यक्ष विचारायचे, "दूरचं कोणी आहे का?" क्षणभर थांबायचे आणि "कोणी नाही" म्हणून पुढे जायचे. आता त्यांचा प्रश्न आमच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागायचा. आम्ही तो ऐकेपर्यंत तिकडे आमचं नसणं जाहीर झालेलं असायचं. वकीलबाई टेबलावर थाप मारून "अहो आहोत की!" म्हणायच्या, ते आमच्या खिडकीबाहेरच्या सायकलींना ऐकू जायचं.

मामा घरी आला आणि एका बैठकीत त्यानं सभेच्या समितीला सूचना लिहून पाठवल्या. दूरच्यांची आणि सभागृहातल्यांची रांग एकच असावी. सुरुवातीला आवाज येतो का ते तपासावं. "दूरचं कोणी आहे का" हे विचारल्यावर अध्यक्षांनी एक पेला पाणी सावकाश पिऊन संपवावं आणि मगच पुढे जावं, तेवढ्या वेळात प्रश्न आमच्याकडे पोचतो आणि उत्तर तिकडे. आणि शेवटची, ठळक अक्षरांत: दूरच्या माणसाचं म्हणणं दुसऱ्यानं वाचू नये, त्याला त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलू द्यावं.

पाण्याचा नियम लगेच मान्य झाला, कारण त्याला खर्च नव्हता आणि तहान सगळ्यांना लागते. शेवटची सूचना समितीकडे गेली. समितीनं उपसमिती नेमली, उपसमितीनं अभ्यासगट नेमला आणि अभ्यासगटानं अभ्यासाला वेळ मागून घेतला.

मी मामाला विचारलं होतं, की तुला स्वतःला बोलायचं नाही, मग स्वतःच्या आवाजाची मागणी तू कशाला करतोस? तो म्हणाला की बाकीच्यांना बोलता येतं ना. आपली जी अडचण आहे तिच्या मापानं सगळ्यांचा नियम शिवायचा नसतो. माझा मामा हा असा आहे. अशा माणसांना लोक सज्जन म्हणतात आणि त्यांच्या पुढच्या जागेवर जाऊन बसतात.

दुसऱ्या वर्षी वाचायला एक बाई आल्या.

त्या कुठल्या देशाच्या ते कळलं नाही. इंग्रजी त्यांचीही स्वतःची भाषा नसावी, कारण प्रत्येक शब्द त्या जपून, पुरता उच्चारायच्या. आवाज थोडा जाड, घाई नसलेला. कॅमेरा मंचाकडे असायचा आणि त्या मंचाच्या खाली, एका बाजूला बसायच्या, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं फक्त कोपर दिसायचं, राखाडी बाहीतलं. मामानं त्या दिवशी लिपीबद्दल लिहिलं होतं आणि मध्ये एक विनोद घातला होता. आमच्या वाचनालयात एक आजी येतात, त्यांना नातवाचं नाव लिहिता येतं पण त्याच्या कंपनीचा पत्ता लिहिता येत नाही. त्या म्हणतात, नातू माझा शहाणा आहे, कंपनीच अडाणी दिसते.

मामा फार विनोदी आहे हे मला आणि आईला सोडून कुणाला माहीत नाही. अडखळणाऱ्या माणसाचा विनोद शेवटाला पोचेपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो. त्या बाई "नातू माझा शहाणा आहे" इथे नेमक्या हव्या तेवढ्या थांबल्या. मग उरलेलं म्हणाल्या, आणि ते अख्खं सभागृह हसलं. अध्यक्षही हसले. आजवर लोक मामाला हसले होते, त्याच्या विनोदाला परकी माणसं हसली ती त्या दिवशी. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो दोन्ही तळवे टेबलावर ठेवून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

तिथून तो त्यांना वाचकबाई म्हणायला लागला. आमच्या घरात एक परकी बाई राहायला आल्यासारखं झालं. सभेचं रेकॉर्डिंग नंतर बघायला मिळायचं. मामा मागच्या खोलीत शर्टांना इस्त्री करायचा आणि वाचकबाई बोलत असायच्या, "मी असं सुचवतो की", "माझा अनुभव असा आहे". आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज काय म्हणतोय आमचा भाऊ?" आणि थोडा वेळ ऐकून म्हणायची, की चांगलं बोलतो हो, लहानपणापासून असाच बोलला असता तर आज कुठल्या कुठे असता. आईला चिमटे काढायची सवय आहे, पण हे म्हणताना तिचा हात थांबलेला असायचा.

सभेच्या दिवशी मामा केस कापून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. आमच्या खोलीत कॅमेराच नव्हता. मी विचारलं, कुणाला दिसणार आहेस? "म... मला," तो म्हणाला. सभा सुरू होण्याआधी वाचकबाई एकेका ठाण्याला विचारायच्या, "वाचनालय, आवाज येतोय का?" मामा टाइप करायचा, "येतोय. स्वच्छ येतोय." त्या "आभार" म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्यांचं आपसातलं बोलणं म्हटलं तर एवढंच. बाकी सगळं तो सभेला उद्देशून लिहायचा आणि त्या सभेला वाचून दाखवायच्या. पण लिहायचा तो त्यांच्यासाठी. कुठे त्या श्वास घेतात ते त्याला पाठ झालं होतं, तिथे तो वाक्य संपवायचा. त्यांना एका जोडाक्षरी शब्दाचा त्रास होतो हे ओळखून त्यानं तो शब्दच टाकून दिला. बायको असलेले पुरुष बायकोसाठी एवढं करत नाहीत, हे मी माझ्या नवऱ्याच्या समोर बोलून दाखवलं आहे.

एका वर्षी मामाला तिकडे जायची संधी आली. निवडक दूरच्यांना बोलावायचं ठरलं होतं, प्रवास, राहणं सगळं त्यांच्याकडे. मामाचं नाव पहिल्या निवडीत लागलं. फक्त एकदा फोनवर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं होतं, ओळख म्हणून. ठरलेल्या वेळी आई, मामा आणि मी घरी बाहेरच्या खोलीत बसलो. फोन मामाच्या समोर टेबलावर ठेवला होता. तो वाजला. मामानं तोंड उघडलं, ओठ जुळवले, हात पुढे नेला. फोन वाजत राहिला. मी उचलू का असं मी खुणेनं विचारलं, त्यानं नको म्हटलं. वाजायचा थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग आई उठली आणि चहा ठेवायला गेली. त्या वर्षी मामा नेहमीप्रमाणे लांबट खोलीतच होता आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं ते कोपर नेहमीच्या जागी होतं. फोन उचलला असता तर कोपराच्या पुढचं माणूसही त्याला दिसलं असतं. हे मला त्या वर्षी सारखं वाटत राहिलं. त्याला किती वाटलं असेल ते त्यानं सांगितलं नाही.

आणि मग यंदा अभ्यासगटाचा अभ्यास संपला.

मामाची जुनी सूचना मान्य झाली होती. पुढच्या वर्षापासून रांग एकच, दूरचा माणूस आपला माइक उघडून स्वतःच्या आवाजात बोलणार. ज्यांना लिहायचंच असेल त्यांचं लिखाण यंत्र वाचणार. सभागृहात वाचायला माणूस बसवायची पद्धत बंद. निर्णयाखाली ही सूचना प्रथम ज्या ठाण्यानं केली त्याचा आदरानं उल्लेख होता. वकीलबाईंनी सगळ्यांना चहा सांगितला, ग्रंथपाल स्वतः येऊन मामाचा हात हातात घेऊन गेले. मामा मान हलवत राहिला.

घरी आल्यावर मी आधी त्याच्यावर ओरडले आणि मग समितीवर. रागाच्या भरात लिहिलेली गोष्ट इतकी वर्षं चघळून नेमकी आता कशी पास करतात ही माणसं? मी म्हटलं, लिही त्यांना, काही जणांना माणसानंच वाचलेलं हवं असतं. वाचकबाईंना राहू द्या म्हणून लिही.

"मा... माझ्या एकट्यासाठी?" मामा म्हणाला.

मग मी म्हटलं, निदान त्यांना मेल तरी कर. पत्ता मिळवणं काही अवघड नव्हतं. त्यावर त्यानं जे सांगितलं ते त्याच्या सवडीनं, बराच वेळ घेऊन सांगितलं, आणि मीही मध्ये बोलले नाही. मेल केला की त्यांच्यावर उत्तराचं ओझं पडतं. कोण कुठला वाचनालयातला माणूस, त्याला काय लिहावं या विचारात त्या पडतील. आपल्याला उत्तर नको आहे. त्या जाण्याआधी त्यांना कळावं एवढंच हवं आहे. त्यांनी नुसतं वाचावं.

तेव्हा मला समजलं त्याच्या मनात काय आहे ते. यंदाच्या सभेत एक बैठक दूरच्यांच्या सहभागावरच होती, वाचकबाई वाचणार होत्या ती शेवटची. तिथे तो टिप्पणी देणार होता. ती रीतसर विषयाला धरून असणार, म्हणजे त्यांना ती वाचावीच लागणार. माइकवर, सगळ्यांसमोर, "मी" म्हणून.

मी म्हटलं, शाबास रे सज्जन माणसा. मेलचं ओझं नको, आणि हे फूल वाटतंय का तुला? तो हसला. पण कच्चा मजकूर त्यानं मला दाखवला. मी वाचून सांगितलं, की यात नुसती सभ्यता आहे, हे ऐकून त्यांना वाटेल वाचनालयाचा वार्षिक अहवाल आहे. मग शेवटी त्यानं एक वाक्य वाढवलं आणि मला न दाखवता संगणक बंद केला.

बैठक आमच्याकडे दुपारी होती. बाहेर कुणीतरी सायकली उचलून नीट लावत होतं, त्याचा खडखडाट येत होता म्हणून मी खिडकी लावून घेतली. नव्या पद्धतीची चाचणी म्हणून त्या दिवशी दूरच्यांचे माइकही पहिल्यांदाच सुरू ठेवले होते. आमच्या गोल स्पीकरवरचं बटण दाबलं की आमचा आवाज थेट सभागृहात. वकीलबाईंनी दोन मिनिटं भाषण ठोकलं आणि घाम पुसत बसल्या. इतक्या वर्षांचा राग त्यांनी स्वतःच्या तोंडानं काढला, त्यांचा चेहरा उजळला होता. आपण मागितलं ते बरोबरच होतं, हे मामाला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

मग वाचकबाईंनी सांगितलं, की वाचनालयातून एक लेखी टिप्पणी आहे, आणि वाचायला सुरुवात केली.

"पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, की दूरच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलू द्या. सभेनं ते मान्य केलं, मी आभारी आहे. पुढच्या वर्षी माझ्या शेजारी बसणारे लोक तुमच्याशी थेट बोलतील. ते तुम्हाला आवडतील. माझं थोडं वेगळं आहे. मला लहानपणापासून नीट बोलता येत नाही. मी अडखळतो."

इथे त्या किंचित थांबल्या. त्यांना हे माहीत नव्हतं. कसं असणार?

"इतकी वर्षं या सभागृहात मी एकदाही अडखळलो नाही, कारण माझे शब्द एका बाई वाचत होत्या. मी विनोद केला तर लोक हसले. मी गंभीर झालो तर लोक गप्प झाले. माझा आवाज धड असता तर तो कसा असता, हे मला..."

आणि वाचकबाई अडल्या.

आधी आम्हाला वाटलं लाइन गेली. पण चित्र हलत होतं, मंचावरचे लोक कागद चाळत होते, कोपऱ्यातलं कोपर टेबलावर होतं. "हे मला," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि पुढचा शब्द येईना. श्वास घेतल्याचा आवाज आला. त्यांच्या शेजारच्या कुणीतरी हलक्या आवाजात पुढचे शब्द सांगितले, चांगुलपणानंच, आणि माइकनं ते उचलले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, शेजाऱ्यानं पुन्हा सांगितलं. मंचावरून अध्यक्षही मदतीला आले. म्हणाले, काही हरकत नाही, मजकूर आपण नोंदीत घेऊ, पुढे जाऊ या. पुढच्या वक्त्यानं बोलायलाही सुरुवात केली.

माझ्या तोंडात जे आलं होतं ते मी इथे लिहीत नाही. ते बाहेर पडायच्या आत मामाचा हात टेबलावरून पुढे गेला आणि त्यानं बटण दाबलं.

"थां..."

त्याची मान ताठ झाली. डोळे मिटले गेले. खोलीत आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होतो आणि तिकडे, थोड्या वेळानं, त्या एवढ्या मोठ्या सभागृहात त्याची खरखर पोचली. बोलणारा वक्ता गप्प झाला. लोक वळून स्पीकर कुठे आहेत ते शोधायला लागले.

"थां... थां... थांबा," मामा म्हणाला. "त्यांना कुणी सां... सांगू नका. त्यांचं त्यांना वा... वाचू द्या. आम्हाला घ... घ..." त्याचा हात टेबलाची कड धरून होता. वकीलबाईंच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. "घाई नाही."

त्यानं बटणावरचं बोट काढलं. तिकडे अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला हातानं बसायला सांगितलं. सगळं सभागृह थांबलं, आणि कुणी घड्याळ पाहत असलं तर ते आम्हाला दिसलं नाही. मामा डोळे उघडून पडद्याकडे पाहत होता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"हे मला," वाचकबाई म्हणाल्या, सावकाश, "त्यांच्यामुळे कळलं. यंत्र चांगलं वाचेल याची मला खात्री आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ही टिप्पणी वाचणाऱ्या बाईंना मला एकच सांगायचं आहे, आणि त्याला उत्तराची गरज नाही. मला तुमच्या आवाजाची आठवण येईल."

मजकूर संपला होता. अध्यक्ष माइककडे वाकले. तेवढ्यात वाचकबाईंचा आवाज पुन्हा आला, आता जरा खालच्या पट्टीत.

"मला तुमच्या आवाजाची आठवण येईल."

मी पुढे वाकून मामाच्या पडद्यावरची चौकट पाहिली. त्यानं ते वाक्य एकदाच लिहिलं होतं.